जुळणी

ऑस्टर लेक, मिशिगन. नगरपालिकेचं तळघर.
हीटर म्हाताऱ्यासारखा खोकतोय.
टेबलावर एकशे बारा कागद, दर कागदावर बारा ओळी,
आणि वरच्या मजल्यावरच्या दोघांना
माघारी बोलवा, ही मागणी.

आमच्याकडे माघारी बोलवायचं तर मूळ धाडतात.
भाऊ यायचा एसटीने, पिशवीत शेव, खिशात परतीची दोन तिकिटं.
लेक दारातच चपला घालून उभी.
इथलं मूळ वेगळं.
येतं ते खुर्चीखालून सतरंजी ओढायला.

त्या दोघांनी काय केलं?
मर्ना ऑस्टरहाउट, दाताच्या दवाखान्यात तीस वर्षं फोन घेणारी,
आणि डेलरॉय पेटिफर्ड, शाळेची बस चालवणारा.
रात्री अकरा वीसला त्यांनी हात वर केले
एका साडेचार पानी नियमासाठी:
घर भाड्याने देताना, कामावर ठेवताना
विचारू नये माणसाला
तू कुणाच्या पोटचा, कुणाच्या मिठीतला,
आणि हे असं का नेसतोस.
चार विरुद्ध तीन.
दुसऱ्या दिवशी किराणा दुकानासमोर घडीचं टेबल लागलं.

मी मोजते.
डावीकडे कागद, उजवीकडे पडद्यावर मतदाराचं जुनं कार्ड.
जुळते. जुळत नाही.
मावशी पत्रिका बघायची तशी,
फक्त इथे अठरा गुणांवर भागत नाही.

एकाने पत्ता लिहिलाय तळ्याकाठच्या सुट्टीच्या घराचा. बाद.
एकाने समासात लिहिलंय, देव बघतोय.
देवाचं देव पाहील, सही खरी आहे. जुळते.
नवरा-बायको, पण दोघांच्या 'आर'ला एकच शेपूट.
बाद केल्या दोन्ही,
आणि पोटात जो गोड घोट उतरला
त्याची मला लाज वाटली. थोडी.

त्र्याहत्तरावा कागद, नववी ओळ.
लोरेन फेल्डहाउस.

सत्त्याण्णवच्या जानेवारीत तीन घरांवर
'भाड्याने देणे'च्या पाट्या वाऱ्यावर हलत होत्या,
आणि तिन्ही घरं, म्हणे, आत्ताच गेली.
लोरेनने गॅरेजवरची खोली दिली.
काही विचारलं नाही. हळदीच्या डागांबद्दलसुद्धा नाही.
बर्फात गाडी शिकवली तिनेच:
ब्रेक दाबू नकोस, पोरी,
घसरतेस त्याच बाजूला चाक वळव.

ती, आणि ही सही?
मी खुर्ची मागे सरकवली.
पाणी प्यायले.
उगाच एक पेन्सिल टोकदार केली.

कार्ड एकाहत्तर सालचं, शाळकरी गोलाई.
कागदावर मुंगी शाईत बुडून चालत गेल्यासारखी रेघ.
जुळत नाही, असं लिहिलं असतं
तर कुणी हूं की चूं केलं नसतं.
पण गेल्या नाताळच्या कार्डावर हाच हात होता,
याच थरथरीने माझं नाव लिहिलेलं,
'सुलभा'तला 'ल' मध्येच गळालेला.
नियमावलीतही आहे: वय, आजारपण ध्यानात घ्यावं.

सही म्हणजे सहीच ना.
बरोबर आहे असं कोण म्हणतंय?
खरी आहे, एवढंच.
शिक्का उचलला. जुळते.
हात हलला म्हणून कडा जरा पुसट आली.

पेटिफर्ड खाली आला, कॉफीचं यंत्र इथेच आहे म्हणून.
किती झाल्या, विचारलं नाही.
विचारता येत नाही त्याला, सांगता येत नाही मला.
हातमोजे काढले, कप हीटरवर ठेवला,
म्हणाला, रात्री रस्ते गोठणार,
सकाळी पोरांना आणायचं तर पाचला निघावं लागेल.
मग जिन्यावरून, न वळता,
ब्रेकवर फार पाय ठेवू नका, मिसेस सबनीस.

चौऱ्याहत्तरावा कागद.
पहिली ओळ.